कॉम्प्युटर रोज संध्याकाळी अडकतो: रॅम कमी पडतेय का, आणि पडत असेल तर किती हवी?

तक्रार साधारण अशी असते. कॉम्प्युटर चालू केल्यावर तासभर छान चालतो. मग ब्राउझर, दोन-चार कागदपत्रं, एखादा व्हिडिओ कॉल, मागे गाणी, असं करत करत तो जड होत जातो. एका विंडोतून दुसरीकडे गेलं की पडदा पांढरा पडतो, टाइप केलेली अक्षरं दोन सेकंदांनी उमटतात, माउसचा बाण अडखळतो. बंद करून चालू केला की गुण येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावर चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: रॅम (चालू प्रोग्रॅमचं सामान ठेवायची कॉम्प्युटरची तात्पुरती जागा) वाढव. सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण ‘किती’ हे सांगणारा माणूस स्वतःच्या मशीनवरून सांगत असतो, आणि कधीकधी दुखणं रॅमचं नसतंच. त्यामुळे आधी मोजायचं, मग खरेदीचं बघायचं.

आकडे बघायचे ते त्रास चालू असताना

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि मग मेमरी. मशीन नुकतं चालू केलेलं असताना इथे काय दिसतं त्याला काही अर्थ नाही. अडखळायला लागलं की उघडा. टास्क मॅनेजर उघडायलाच वीस सेकंद लागले तर तीही माहितीच समजा.

सगळ्यांची नजर टक्क्यांवर जाते. ‘७५ टक्के वापरात’ दिसलं की रॅम संपत आली असं वाटतं. तसं नाही. जागा मुबलक असेल तर विंडोज प्रोग्रॅमच्या मागे लागत नाही, त्यामुळे तेच चार प्रोग्रॅम १६ जीबीच्या मशीनवर ८ जीबीपेक्षा जास्त रॅम व्यापून बसलेले दिसतात. शिवाय नुकत्याच वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवल्या जातात आणि कुणी जागा मागितली की लगेच टाकून दिल्या जातात. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच कामाची नाही, हे विंडोज, लिनक्स आणि मॅक तिघांनाही कळतं.

बघायचे आकडे वेगळे आहेत. समजा ८ जीबीच्या मशीनवर ऐन त्रासाच्या वेळी असं दिसतंय: इन यूज ७.१ जीबी, पुढे कंसात कॉम्प्रेस्ड १.३ जीबी, अव्हेलेबल ६०० एमबी, कमिटेड १३.४/१५.९.

कमिटेडमधला पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडून कबूल करून घेतलेली जागा. दुसरा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त किती कबूल करू शकते तो: रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल म्हणजे रॅम पुरेना की माल उतरवून ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. इथे मागणी १३.४ जीबीची आणि प्रत्यक्ष वापरता येणारी रॅम ७.७ च्या आसपास. उरलेलं कुठे गेलं? काही भाग प्रोग्रॅमनी नुसताच मागून ठेवलाय, अजून हातही लावलेला नाही. काही भाग विंडोजने रॅममध्येच आवळून ठेवलाय, तोच तो कंसातला १.३ जीबी; ही सोय विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. बाकीचा डिस्कवर गेलाय. तुम्ही अर्ध्या तासापूर्वीच्या टॅबवर क्लिक केलं आणि पडदा पांढरा पडला, तेव्हा तो टॅब डिस्कवरून परत येत होता.

आणि डिस्कवरून परत येणं महागात पडतं. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून तेच उचलायला १० मिलिसेकंदांच्या घरात, म्हणजे लाख पट वेळ. एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या डिस्कवर) हाच फरक साधारण हजार पटीवर येतो. म्हणून एसएसडी असलेलं ८ जीबीचं मशीन कुरकुरत का होईना चालतं, आणि हार्ड डिस्कवालं बसतंच.

मॅकवर हे सोपं आहे. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा असेल तर बाकीचे आकडे कितीही भयंकर दिसले तरी सोडून द्या. पिवळा सतत राहत असेल किंवा लाल होत असेल तरच विचार करा. लिनक्सवर फ्री ही कमांड चालवली की ‘फ्री’ नावाचा रकाना जवळजवळ रिकामा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. बघायचा रकाना ‘अव्हेलेबल’. स्वॅप (लिनक्सची पेजफाइल) नुसती भरलेली असणं हाही दोष नाही, त्रास असतो तो स्वॅपमध्ये सतत आत-बाहेर चालू असेल तर.

रॅम भरपूर शिल्लक आणि तरीही मशीन अडतंय

मग रॅम घेऊन काही होणार नाही. त्याच परफॉर्मन्स पानावर डिस्कचा आलेख बघा. अव्हेलेबल ३ जीबी आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर दोषी डिस्क आहे. फिरती हार्ड डिस्क असलेल्या जुन्या मशीनमध्ये पैसा एकाच गोष्टीवर घालायचा असेल तर माझं मत एसएसडीला, डोळे मिटून. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेजफाइललाही वाढायला जागा उरत नाही, आणि मग ‘मेमरी कमी आहे’ असा इशारा येतो. तो वाचून माणूस रॅम आणायला निघतो, आणि खरं काम असतं जुने व्हिडिओ हलवण्याचं.

घरातल्या कॉम्प्युटरचा खास आजार

ऑफिसच्या मशीनवर एक माणूस बसतो. घरच्यावर तिघं-चौघं. प्रत्येकाचं वेगळं खातं असतं, आणि ते असावंच. पण उठताना कुणी साइन आउट करत नाही. पुढचा येतो, स्विच यूजर करतो आणि आपलं काम सुरू करतो. आधीच्याचा ब्राउझर वीस टॅबांसह, चॅटचा प्रोग्रॅम, अर्धवट सोडलेला गेम, सगळं मागे तसंच चालू राहतं. तिसरा माणूस बसेपर्यंत ८ जीबीमधली ५ जीबी अशा लोकांनी अडवलेली असते जे खोलीतही नाहीत. संध्याकाळी मशीन जड होण्याचं हे घरोघरचं कारण आहे, आणि रॅम किती हवी याच्या कोणत्याच तक्त्यात ते नसतं.

तपासायला टास्क मॅनेजरमधला यूजर्स हा भाग उघडा. प्रत्येक नावासमोर त्याने घेतलेली मेमरी दिसते. ज्याचं काम संपलंय त्याच्या नावावर राइट क्लिक करून साइन ऑफ करता येतं. त्यासाठी अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, आणि त्या माणसाने सेव्ह न केलेलं काम जातं, म्हणून आधी एक हाक मारा. रोजचा उपाय म्हणजे उठताना साइन आउट करायची सवय. सवय लागणार नाही हे माहीत असेल, आणि बहुतेक घरांत ते माहीतच असतं, तर मागे राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे २-३ जीबी हिशेबात धरा आणि तेवढी रॅम जास्त घ्या. हा निर्णय तांत्रिक कमी आणि कौटुंबिक जास्त आहे.

दुसरी गंमत ‘आम्ही तर रोज शट डाउन करतो’ या वाक्याची. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर अप टाइम असतो. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तो कधीकधी वीस-पंचवीस दिवस दिसतो. कारण विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप: शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच परत उचलले जातात. एखादा ड्रायव्हर हळूहळू रॅम गिळत असेल तर ते गिळणं रोज कालच्या जागेवरून पुढे चालू राहतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून तपासणीच्या आधी एकदा रीस्टार्ट करा, शट डाउन नको.

गिळणारा ड्रायव्हर ओळखायचा तर मेमरी पानावर खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ असतो, म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हरनी घेतलेली, डिस्कवर कधीच न जाणारी रॅम. घरगुती मशीनवर तो सहसा काहीशे एमबीचा असतो. रीस्टार्टनंतर ३०० एमबी, दोन दिवसांनी १ जीबी, आठवड्याने अडीच, असा चढत असेल तर नेटवर्क, अँटिव्हायरस किंवा अशाच कशाच्या तरी ड्रायव्हरमध्ये गळती आहे. ड्रायव्हर अपडेट करा, अलीकडे काय बसवलं ते आठवून काढून बघा. साध्या प्रोग्रॅमची गळती पकडायची तर डिटेल्समध्ये ‘कमिट साइज’ हा रकाना जोडा आणि हात न लावताही तासातासाला कोण फुगतंय ते बघा. गळतीवर रॅम हा उपाय नाही. ८ ची १६ केली तर रोज संध्याकाळी होणारा त्रास दोन-तीन दिवसांआड होईल, एवढंच.

ब्राउझरबद्दल फार लिहिलं जातं म्हणून थोडक्यात. २०१८ पासून क्रोम वेगवेगळी संकेतस्थळं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो. ते सुरक्षेसाठी आहे आणि त्याला रॅम लागतेच. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात टॅब आणि एक्स्टेंशन वेगवेगळी दिसतात. कित्येकदा सगळ्यात वर एखादं विसरलेलं एक्स्टेंशन असतं. मेमरी सेव्हर चालू ठेवा, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज. एवढं पुरे.

आणि ‘रॅम क्लीनर’ नावाचं काहीही बसवू नका. ते चालू प्रोग्रॅमचं सामान रॅममधून बाहेर ढकलतं. आलेखात जागा मोकळी दिसते, आणि पुढच्याच क्लिकला तेच सामान डिस्कवरून परत आणावं लागतं. पेजफाइल बंद करून वेग वाढतो हा सल्लाही त्याच जातकुळीतला. पेजफाइल बंद केली तर रॅम संपेल तेव्हा मशीन हळू होणार नाही, प्रोग्रॅम सरळ कोसळतील.

आता आकडा काढू

एवढं करूनही संध्याकाळी आकडे वरच्या उदाहरणासारखेच दिसत असतील, तर रॅम खरोखर कमी आहे. किती, हे कमिटेडच्या सर्वोच्च आकड्यावरून ठरवा. टास्क मॅनेजर फक्त आत्ताचा आकडा दाखवतो. मायक्रोसॉफ्टचाच प्रोसेस एक्स्प्लोरर मोफत मिळतो, त्याच्या सिस्टिम इन्फर्मेशन विंडोत कमिट चार्जखाली ‘पीक’ असतो, म्हणजे मशीन रीस्टार्ट केल्यापासूनचा उच्चांक. आठवडाभर घरच्यांना नेहमीसारखं वापरू द्या. मुद्दाम टॅब बंद करून शहाण्यासारखं वागायचं नाही, नाहीतर मोजमाप खोटं पडेल. मग हा पीक वाचा.

कमिटेडमध्ये नुसती मागून ठेवलेली जागाही धरलेली असते, त्यामुळे हा आकडा खऱ्या गरजेपेक्षा थोडा फुगीरच असतो. ते आपल्या पथ्यावर पडतं. रॅम पीकएवढी असली की आरामात चालतं, वेगळी भर घालायला लागत नाही. पीक १३.४ असेल तर १६ जीबी घ्या आणि विषय संपवा. पीक ९ आणि रॅम ८, डिस्क एसएसडी, तर पैसे खर्चू नका. पीक १८, रॅम १६, पण त्रासाच्या वेळीही ३ जीबी अव्हेलेबल, तर तुमचा त्रास वेगळ्याच कशाचा तरी आहे; वर जाऊन डिस्कचा परिच्छेद पुन्हा वाचा.

नवीनच मशीन घ्यायचं असेल आणि मोजायला जुनं नसेल तर अंदाजच करावा लागतो. विंडोज ११ ची कागदोपत्री किमान अट ४ जीबी आहे. तेवढ्यात विंडोज सुरू होते, काम सुरू होईलच असं नाही. ४ जीबीचं जुनं मशीन हाताशी असेल तर त्यावर हलकं लिनक्स घालून एका माणसाचं वाचणं-लिहिणं होतं. ८ जीबीत एका माणसाचा ब्राउझर, कागदपत्रं आणि व्हिडिओ कॉल बसतात, पण वर श्वास घ्यायला जागा राहत नाही. बहुतेक घरांना १६ जीबी पुरतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस मशीनसाठी १६ ची अट घातली आणि त्याच वर्षी अ‍ॅपलनेही मॅकची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, त्यावरून वारा कुठे वाहतोय ते कळतं.

३२ आणि त्यापुढची रॅम कुणाला लागते हे कामावरून गुणाकार करून काढता येतं. २४ मेगापिक्सेलचा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला) फोटो कार्डावर साधारण ३० एमबीचा असतो, पण एडिटिंगला उघडला की दर पिक्सेलला तीन रंग आणि दर रंगाला दोन बाइट, म्हणजे १४४ एमबी. तेही एका लेयरचे. दहा लेयर आणि मागे घेण्याचा इतिहास धरला की २ जीबी सहज जातात. ४के व्हिडिओची एक फ्रेम उलगडल्यावर ३३ एमबीची होते. ३० फ्रेमचा एक सेकंद म्हणजे १ जीबी. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालवत असाल तर त्याला दिलेली रॅम सरळ वजा धरा. स्वतःच्या मशीनवर भाषिक मॉडेल चालवायची हौस असेल तर ७०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांत साडेतीन जीबी, वर संदर्भासाठी थोडी जागा. पॅरामीटर दुप्पट तर जागाही दुप्पट. यातलं काहीच करत नसाल तर ३२ जीबी घेतल्याने मशीन वेगवान होणार नाही. न लागणारी रॅम वेग देत नाही.

एका बाबतीत मी कडक आहे: रॅम मदरबोर्डवरच जडवलेली असेल तर आजच्या गरजेपेक्षा एक पायरी वरची घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये आणि २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी जडवलेला नवा लॅपटॉप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. स्लॉट असतील तर याउलट, आज १६ घ्या, गरज पडली की वाढवा.

घेण्याआधी

मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ असतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम जडवलेली असण्याची शक्यता मोठी. मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय काही मागवू नका. डीआयएमएम म्हणजे डेस्कटॉपची लांब पट्टी, एसओडीआयएमएम म्हणजे लॅपटॉपची आखूड. डीडीआर३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावला की स्लॉट गेला. मदरबोर्ड कमाल किती रॅम घेतो हेही मॅन्युअलमध्येच बघा.

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, कारण दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन रस्ते, एकदम चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हा फरक गेमिंगमध्ये डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. आधीच्या ८ शेजारी दुसरी ८ लावणार असाल तर वेग आणि व्होल्टेज जुळणारी घ्या. वेग वेगळा असला तरी सहसा चालतं, फक्त दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात.

विंडोज ३२ बिटची असेल, आणि जुन्या मशीनवर ती अजून सापडते, तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिट विंडोज, मग रॅम.

बसवल्यावर

वीज काढा, लॅपटॉपची बॅटरी सुटत असेल तर काढा, हात एखाद्या धातूला लावून घ्या. लॅपटॉपची पट्टी तिरकी आत सरकवायची, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक आवाज यायला हवा. डेस्कटॉपची पट्टी उभी, दोन्ही टोकांना सारखा दाब. चालू होत नाही अशा दहांतल्या बहुतेक तक्रारी अर्धवट बसलेल्या पट्टीच्या असतात.

डीडीआर५ च्या मशीनवर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. मशीन नव्या रॅमशी वेळा जुळवून घेत असतं. लगेच बटण दाबून बंद करू नका.

१६ बसवली आणि ‘१५.३ वापरता येण्याजोगी’ दिसलं तर तेवढा भाग ग्राफिक्सने राखून ठेवलाय, काही बिघडलेलं नाही. १६ पैकी ८ च दिसत असेल तर पट्टी पुन्हा बसवा. तरीही तेच असेल तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून ‘मॅक्झिमम मेमरी’ची चौकट बघा, वेग वाढवायचा म्हणून कुणीतरी तिथे खूण करून ठेवलेली असते. ती काढा.

रॅम वाढवल्यावर निळा पडदा यायला लागला, फाइली खराब व्हायला लागल्या किंवा ब्राउझर वारंवार कोसळायला लागला तर पट्टी सदोष असू शकते. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून चालवा. त्यात काही सापडलं नाही तरी शंका असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तरी एकेक पट्टी वेगळी लावून कोणती सदोष आहे ते काढा, आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून स्लॉट तर खराब नाही ना हेही बघून घ्या. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची मदरबोर्डची सेटिंग) चालू केलं असेल तर ते बंद करून चाचणी पुन्हा करा. तेव्हा चुका थांबल्या तर पट्टी चांगली आहे, फक्त तो वेग तुमच्या मदरबोर्डला झेपत नाही.